तीन धोंड्यांखालून

६ मे, रविवार. देबा

ही वही नेकानेने दिली. बहीण माझी धाकटी, पण हुकूम सोडते थोरलीसारखे. "रोज लिही, म्हणजे त्याच्यावर ओरडायचं ते कागदावर ओरडशील," म्हणाली. चाळीस वर्षं मी ओंदारोआच्या धक्क्यावर बसून मासेमारीची जाळी सांधली. हातात सुई असायची, पेन नाही. तेव्हा अक्षराला हसायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावून ठेवते.

केपा फेब्रुवारीत निवृत्त झाला. टूना धरणाऱ्या बोटीवर इंजिनियर. चार महिने समुद्र, दोन महिने घर, असं आयुष्यभर. त्या दोन महिन्यांत तो पाहुण्यासारखा असायचा आणि मी त्याचं पाहुण्यासारखं करायचे. आता पाहुणा उठतच नाही. तीन महिन्यांत त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, चांगलं चालणारं धुलाईयंत्र उघडून पुन्हा जोडलं, आणि माझे चमचे पान्यांसारखे लहान-मोठे असे ओळीने टांगले. मी घर डोक्यावर घेतलं. तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं मला त्याहून सोसत नाही.

सांतियागोच्या तीर्थापर्यंत चालत यात्रा करा, ही कल्पनाही नेकानेचीच. "पोचलात तर संसार होईल. नाही पोचलात तर निदान कळेल तरी." आज सकाळी बसथांब्यावर निम्मा धक्का आला होता आम्हाला पोचवायला. जाळीवाल्या बायकांनी पैज लावली आहे म्हणे, बिल्बाओच्या पुढे आम्ही जात नाही. मी म्हटलं, बघाच. उद्या पहिला टप्पा, मार्किना.

७ मे, सोमवार. मार्किना

चोवीस किलोमीटर, आणि सगळा चढ-उतार. केपा बोटीवर चालल्यासारखा पाय फाकवून चालतो, पण दमत नाही. दमले मी. शेवटच्या उतारावर ओल्या दगडावरून पाय सटकला आणि डावा घोटा असा फुगला की बुटाची नाडी सोडून त्याने तो बूट स्वतःच्या गळ्यात अडकवला. पुढे मला खांद्याचा आधार देत आणलं. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढा वेळ आम्ही एकमेकांना धरून कधी चाललो नव्हतो. मी सारखी त्याला शिव्या देत होते, हेही लिहून ठेवते.

गावाच्या तोंडाशीच आरेचिनागाचं देऊळ लागतं. आत तीन प्रचंड धोंडे एकमेकांना टेकून उभे आहेत आणि मधल्या पोकळीत संत मिगेल. मी लहानपणी इथे आले होते. तेव्हाही मला वाटलं होतं, हे धोंडे आधी होते आणि देऊळ त्यांच्यावर टोपीसारखं मागाहून घातलं असणार. मी दाराशी बाकावर बसले. आत बिल्बाओच्या दोन यात्रेकरू मुली वाकून, रांगत धोंड्यांखालून जात होत्या आणि खिदळत होत्या.

"काय करतायत या?" केपाने विचारलं.

"लग्न जमवतायत. तीनदा खालून गेलं की वर्षाच्या आत लग्न होतं म्हणतात. पूर्वी फक्त मुलगे जायचे."

"कोणीही गेलं तरी चालतं?"

"बिनलग्नाचं असलं की झालं. तुला काय करायचंय, माझा पाय बघ आधी."

तो बराच वेळ आतच बघत उभा होता. धोंड्यांचं वजन किती असेल याचा हिशोब करत असणार. इंजिनियरला दुसरं काय सुचतं. तिथे आमच्या यात्रेच्या नोंदवहीत शिक्का मारून घेतला आणि लंगडत गावात आलो.

८ मे, मंगळवार

डॉक्टर म्हणाली, हाड शाबूत आहे, पण आठवडाभर पाय वर ठेवायचा. यात्रेकरूंच्या धर्मशाळेत एकच रात्र राहता येतं, म्हणून यूलालीबाईंच्या बारवरची खोली घेतली. यूलालीबाई पंच्याहत्तर वर्षांच्या, विधवा, आणि जिभेला हाड नाही.

"ओंदारोआच्या तुम्ही? म्हणजे बसने वीस मिनिटं."

"हो."

"आणि इथे भाड्याने खोली घेताय."

"एका दिवसात परत गेले तर धक्क्यावरच्या बायका मला वर्षभर सुखाने जगू देणार नाहीत."

बाईंना हे लगेच पटलं. जगात काही गोष्टी न सांगता कळतात. त्यांनी बसचा चालक, पाववाला आणि मासे घेऊन येणारी बाई या तिघांना दम भरला आहे की आम्ही इथे नाही. मासेवाली ओंदारोआचीच आहे, म्हणून ती आली की मी खिडकीतून मागे सरकते. बासष्ट वर्षांची बाई पडद्याआड लपते आहे, आणि मला मजा वाटते आहे. घरी नेकानेला फोन करून सांगितलं की आम्ही गेर्निकाला पोचलो, वाटेतला मठ फार सुंदर होता.

९ मे, बुधवार

खाली बारमध्ये संध्याकाळी मुसचा, म्हणजे पत्त्यांचा, डाव बसतो. भिंतीवर चेंडू मारून मारून ज्यांचे तळहात फळीसारखे झाले आहेत, असे दोन म्हातारे आम्हाला भिडले. केपा आणि मी आजवर एकमेकांचे भिडू कधी नव्हतो. तो बोटीवर खेळायचा, मी धक्क्यावर. पण भिडूला खुणा करायची मुभा असते ना: खालचा ओठ चावला की दोन राजे, डोळा मिचकावला की एकतीस, म्हणजे त्याहून चांगला हात नाही. फक्त खोटी खूण करायची नाही, एवढा एकच नियम. केपाची खूण इतकी बारीक असते की समोरच्यांना पापणी हललेली कळत नाही. मला कळते. सलग तीन डाव जिंकलो. म्हातारे म्हणाले, तुम्ही दोघं मनातलं वाचता. मी हसले. पत्त्यांपुरतं, असं म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

एक चमत्कारिक गोष्ट. यूलालीबाईंच्या घेवड्याची उसळ, वर तिखट सॉसेज, आणि केपाने दुसऱ्यांदा वाढू दिलं नाही. माझ्या माहितीत असं कधी झालेलं नाही. समुद्राची आठवण येत असावी.

१० मे, गुरुवार

सकाळी खाली स्वयंपाकघरातून केपाची कुजबुज ऐकू आली. इंजिनांनी त्याचे कान घेतले, त्यामुळे तो कुजबुजतो तेही चौकात ऐकू जातं.

"तीनदाच का? एकदा पुरत नाही?"

"तीनदा. आणि एका दमात," यूलालीबाई म्हणाल्या. "मध्ये उभं राहिलात की पहिल्यापासून."

माझ्या गोळ्यांबद्दल असणार, डॉक्टरने दिवसातून तीनदा लिहून दिल्या आहेत. एका दमात मात्र कशाला, कळलं नाही. मी पाण्याबरोबर एकेकच घेतली.

दुपारी तो फिरून आला तो खांद्यावर धूळ आणि उजव्या गुडघ्याला खरचटलेलं. "पडलास?" "नाही." "मग?" "वाकलो." एवढंच. संध्याकाळी खोलीत तो पलंगाचा कठडा धरून उठाबशा काढत होता. म्हटलं, काय हे, तर म्हणाला कंबर मोकळी करतो. तीस-चाळीस वर्षं इंजिनाखाली वाकून त्याची कंबर कामातून गेली आहे. आता ती मोकळी कशासाठी करायची, ते मात्र सांगत नाही.

११ मे, शुक्रवार

आता कळलं.

चोमिनचा फोन आला होता. चोमिन म्हणजे त्याच्या बोटीचा कप्तान. केपा गच्चीवर जाऊन बोलला, पण तो गच्चीवरून बोलला काय आणि घंटाघरावरून बोलला काय. चोमिनचा नवा इंजिनियर आजारी पडलाय. शेवटचा एक हंगाम, चार महिने, महिनाअखेर निघायचं. केपा म्हणाला, "रविवारी दुपारी बारापर्यंत सांगतो. त्याआधी मला इथे एक काम उरकायचंय."

काम म्हणजे माझा पाय. मी चालायला लागले की मला घरी सोडून तो जाणार. म्हणूनच कमी खाणं आणि उठाबशा. बोटीवर चढायच्या आधी दरवेळी डॉक्टरची तपासणी असते.

मी काही विचारलं नाही. जेवताना तोच अचानक म्हणाला, "मी नसलो की तुला घरात बरं वाटत असेल, नाही?"

आता याला मी काय उत्तर द्यावं? जायचंय त्याला, आणि परवानगी माझ्या तोंडून हवी. म्हटलं, जा बाबा. "बरं म्हणजे काय, तिरकी झोपते मी. अख्खा पलंग माझा." हसून म्हटलं.

तो हसला नाही. घेवड्यामुळे पोट बिघडलं असेल म्हणावं, तर घेवडा खाल्लाच कुठे त्याने.

नंतर मुसच्या टेबलावर कोणीतरी आमच्या लग्नाचं विचारलं. मी धक्क्यावर शंभर वेळा सांगितलेला किस्सा सांगितला. लग्नाची तारीख ठरलेली, शंभर माणसांची मासळी घेतलेली, आणि केपाची बोट डकारला इंजिन मोडून पडली. दर्यावर्दी माणसाचा काय भरवसा, म्हणून मुखत्यारपत्र आधीच करून ठेवलं होतं. तेव्हा त्याचा भाऊ इमानोल केपाचा सूट घालून उभा राहिला, बाह्या मनगटाच्या वर, आणि पाद्रीसमोर केपाच्या वतीने "हो" म्हणाला. जेवणही दोघांचं जेवला. केपा पाच आठवड्यांनी आला, आंब्यांची पेटी घेऊन. इमानोल अजूनही मला सगळ्यांदेखत म्हणतो, "मी तुझा पहिला नवरा."

टेबल हसून हसून आडवं झालं. केपा पत्ते पिसत राहिला. हात वाईट आला असावा.

१२ मे, शनिवार

पाय जमिनीवर टेकवता येतो. काठी घेऊन चौकात तीन फेऱ्या मारल्या. डॉक्टरचा आठवडा अजून पुरा व्हायचाय, पण मला कळतं.

केपा सकाळी पुन्हा गायब. आला तो केसांत कोळिष्टक आणि कंबरेवर हात. मी विचारलं नाही. यूलालीबाईंनी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, त्याने मान हलवली, आणि बाई म्हणाल्या, "दोन झाल्या ना? मग उद्या." मला वाटलं होतं, बाई माझ्या बाजूच्या आहेत. त्यांनाही त्याने बोटीचं सांगून ठेवलंय, आणि मलाच तेवढं नाही.

मग मला विचारतो, "लग्नातला तुझा झगा कुठल्या रंगाचा होता?"

"फोटो दिवाणखान्यातच आहे की."

"फोटो काळा-पांढरा आहे."

"फिकट निळा. आणि आता तो जाळीच्या पोत्यात चिंध्या झालाय. का?"

"सहज."

दुपारी मी एकटीच तालो भाजायला यूलालीबाईंबरोबर बसले. मक्याची भाकरी थापताना हात रिकामे राहत नाहीत, आणि मग तोंडही राहत नाही. मी म्हणाले, "तो जाणार आहे."

"तू विचारलंस?"

"विचारून काय होणार?"

"गार्बिन्ये," बाई म्हणाल्या, "पत्त्यांत तू त्याची पापणी वाचतेस आणि भाकरीच्या वेळी आंधळी होतेस." तव्यावरची माझी भाकरी करपली होती, त्याबद्दल बोलत असाव्यात.

लिहून टाकते, कागदावर तरी. त्याने जाऊ नये असं मला वाटतं. चमचे पान्यांसारखे टांगलेले चालतील. एवढी वर्षं मी धक्क्यावर उभी राहून हात हलवला आणि पाठ वळली की जाळ्यापाशी जाऊन बसले, आणि सगळे म्हणाले, खंबीर बाई आहे. मी खंबीर नव्हते. मला दुसरं काही करता येत नव्हतं. आता तो माझ्यासमोर बसून सफरचंद सोलतो, साल एका तुकड्यात काढतो, आणि मला वाटतं हे रोज दिसावं.

उद्या बारा वाजता.

१३ मे, रविवार

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी केपा उठून गेला. मी पलंगावर बसून विचार केला आणि मग अशी गोष्ट ठरवली की नेकानेने ही वही वाचली तर मला जगणं नको होईल. ठरवलं की काठी घेऊन आरेचिनागाला जायचं आणि त्या धोंड्यांखालून तीनदा जायचं. बिनलग्नाच्यांना वर्षात नवरा मिळतो, तर मग असलेला नवरा वर्षभर राहायला काय हरकत आहे? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण बारा वाजायचे होते आणि माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

देऊळ उघडं होतं. आत कोणी दिसेना. मी काठी भिंतीला टेकवली, छातीवर क्रॉसची खूण केली, वाकले, आणि धोंड्यांमधल्या सगळ्यात बुटक्या जागेतून मला दोन बूट दिसले. नारिंगी नाड्या. त्या नाड्या मीच ओवल्या होत्या, जाळ्याच्या दोऱ्याच्या.

"केपा?"

बूट हलले नाहीत. आतून आवाज आला, "तू इथे कशी?"

"शिक्का घ्यायला."

"शिक्का सोमवारीच घेतलाय."

"तू काय करतोयस?"

"कंबर धरलीये. पाऊण तास झाला. पुढेही जाता येईना, मागेही."

मी पलीकडून वळसा घालून गेले. धोंड्याखाली माझा नवरा चार पायांवर उभा, कपाळावर घाम, केस पांढऱ्या धुळीने माखलेले. मला हसू आलं, मग भीती वाटली, मग पुन्हा हसू आलं.

"तिसरी फेरी होती," तो म्हणाला. "गुरुवारी एक झाली, काल दोन झाल्या. दोन्ही दिवस मध्येच उभं राहावं लागलं. यूलालीबाई म्हणतात एका दमात हवं."

"केपा, तुझं लग्न झालंय."

"तुझं झालंय. माझ्या वतीने इमानोल 'हो' म्हणाला. मी डकारला इंजिनाखाली होतो. असाच, साधारण." त्याने मान थोडी वर केली, तेवढीच होत होती. "तू तो किस्सा सांगतेस आणि सगळे हसतात. मीही हसायचो. पण आता रोज घरात असतो ना मी. तू ओरडतेस तेव्हा वाटतं, बरोबरच आहे, हिने मला कुठे विचारून घेतलं होतं. हिने 'हो' म्हटलं ते इमानोलच्या तोंडाकडे बघून. चोमिनला नाही म्हणायचंय मला. पण घरात ठेवून घे असं तुला कुठल्या हक्काने सांगू? म्हटलं, आधी स्वतःचं स्वतः जमवावं."

मी खाली बसले. दुखऱ्या पायावरच बसले, पण कळलं नंतर. मग मी रडले. घोट्यासाठी नाही, एवढं लिहिलं की पुरे.

"इमानोलकडे बघत नव्हते मी," मी म्हणाले. "त्याच्या बाह्यांकडे बघत होते. तुझे हात किती लांब आहेत, तेवढंच डोक्यात होतं."

"मग तिरकी का झोपतेस?"

"तू नसलास की पलंग मोठा होतो, मूर्खा. एका माणसाने तो भरायचा कसा? म्हणून तिरकी."

तेवढ्यात त्याच्या मागच्या खिशातला फोन वाजला. बाराला पाच कमी. त्याचा हात पोचेना. मी धोंड्याखाली अर्धी शिरून फोन काढला. चोमिन.

"काय सांगू त्याला?"

केपाने माझ्याकडे पाहिलं आणि डावा डोळा मिचकावला. एकतीस. आणि मुसमध्ये खोटी खूण करायची नसते.

"चोमिन, मी गार्बिन्ये. केपाला यायला जमणार नाही. त्याचं लग्न आहे."

पलीकडून चोमिन ओरडला, "कोणाशी?"

"माझ्याशी," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं थोडक्यात. चालत आलेल्या दोन कोरियन यात्रेकरूंनी त्याला पायांना धरून बाहेर ओढलं. त्यांना वाटलं हा इथला काही धार्मिक विधी आहे, म्हणून त्यांनी आधी नमस्कार केला. फेरी पुरी झाली की नाही, यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, ओढून काढलेली धरत नाहीत. केपा म्हणाला, बाहेर आलो की झाली. मग त्याने धुळीतच, कंबर धरून, माझ्याकडे बघून "हो" म्हटलं. कोणी काही विचारलं नव्हतं. मी त्याला थोडं ताटकळत ठेवलं, पाच आठवडे ठेवायला हवं होतं, पण तेवढा दम मला नव्हता. मीही "हो" म्हणाले.

मग आम्ही दोघं एका काठीवर गावात आलो. यूलालीबाई दारातच उभ्या होत्या. आमच्याकडे बघून आत गेल्या आणि घेवड्याचं पातेलं चुलीवर चढवलं. केपाने तीनदा वाढून घेतला.

१५ मे, मंगळवार

काल लिहिलं नाही, काल आम्ही दोघंही आडवे होतो, मी पाय वर करून आणि तो पाटासारखा सपाट. इमानोलचा फोन आला. केपाने त्याला सांगितलं की आता तुझी गरज नाही. इमानोल म्हणतो, एवढ्या वर्षांचा संसार मोडला माझा, निदान सूट तरी परत करू का. सूट त्याच्याकडेच आहे, बाह्या अजून तशाच.

नेकानेला खरं सांगून टाकलं, की आम्ही गेर्निकाला नाही, मार्किनालाच आहोत. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मासेवाली रोज सांगते. पडद्याखालून तुझे पाय दिसतात म्हणे." पैजेचं विचारलं, तर बिल्बाओ अजून पुढेच आहे, पैज चालू आहे.

उद्या बोलिबारपर्यंत जाऊन बघायचं, सहा-सात किलोमीटर. नाही जमलं तर बसून राहायचं कुठेतरी. कोणाला कुठे पोचायची घाई आहे.

आज सकाळी जाग आली तेव्हा मी पलंगाच्या अगदी कडेला होते, एक पाय खाली लोंबत होता. केपा कंबरेमुळे मधोमध आडवा-तिरका पसरलेला, अख्खा पलंग त्याचा. त्याला सरकवायला हात पुढे केला होता. मग म्हटलं, झोपू दे.